भक्ती म्हणे वणव्यासारखी पसरते

रातांबा :
आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एका प्रवचनातला उतारा फिरत होता. त्यात असं की नामाची एक ठिणगी पडली की पुरे, वणवा जसा ओलं-सुकं बघत नाही, बघता बघता डोंगरच्या डोंगर घेतो, तशी भक्ती एका मनातून हजार मनांत पसरते, तुम्ही फक्त ठिणगी व्हा. खाली शंभरेक जणांनी हात जोडलेले. मी दोन दिवस गप्प बसलो पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या आठवड्यात आमची बाग गेली. हापूसची साठ कलमं, वडिलांनी खांद्यावर कावड घेऊन पाणी घालून वाढवलेली. दुपारी दोनच्या सुमारास खालच्या अंगाला धूर दिसला, आम्ही सात-आठ जण टहाळे तोडून धावलो, आणि वर पोचेपर्यंत आग आमच्या आधी पोचली होती. चढावर ती अशी पळते की माणूस मागे पडतो. झोडपत होतो, केस करपले, आईच्या पायाला फोड आले. संध्याकाळी बघतो तर साठातली एकोणीस उभी. कुठली? जिथलं गवत आम्ही डिसेंबरात कापून उचललं होतं तिथली. उरलेल्या पट्ट्यात माणसं मिळाली नाहीत म्हणून गवत तसंच कंबरभर उभं होतं.

तर वणवा ओलं-सुकं बघत नाही हे साफ खोटं आहे, तो तेवढंच बघतो. काडी पेटते तेव्हा मुळात लाकूड पेटत नाही, आधी त्यातलं पाणी उडतं, मग तापून तापून त्यातून वायू सुटतो आणि तो वायू पेटतो. जाळ पोचायच्या आधी त्याची धग पुढच्या गवताला सुकवते. चढावर ज्वाळा वरच्या गवतावर झुकलेल्या असतात म्हणून तिथे हे काम झपाट्यानं होतं. सगळा खेळ पुढचं गवत किती सुकलंय याचा. आणि मागे काय राहतं तेही बघा, राख, आणि पहिल्या पावसात ती पण ओढ्याला जाते.

भक्तीला हा दृष्टांत देताना जीभ कशी रेटते? मुक्ताबाईनं ताटीच्या अभंगात काय म्हटलंय, विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी. आग म्हणजे राग. संत म्हणजे पाणी. हे आपल्याला चौथीत पाठ होतं.

वाटसरू_आळंदी :
दादा, बागेचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दृष्टांत एकदेशी असतो एवढं तरी धरा. चंद्रासारखं मुख म्हटल्यावर चंद्रावरचे खड्डे कोणी मोजत बसत नाही. आणि अग्नी म्हणजे फक्त राग हे तुम्ही कुठून आणलं? गीतेच्या चौथ्या अध्यायात पेटलेला अग्नी जशी लाकडं भस्म करतो तसा ज्ञानाग्नी सगळी कर्मं भस्म करतो असं भगवंतच सांगतात.

माझंच सांगतो. माझे वडील दारू पीत होते, घरात ताट फेकायचे. शेजारचे एक माळकरी काका त्यांना वारीला घेऊन गेले. परत आले ते माळ घालून. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत सहा जणांनी माळ घातली, त्यातले चार पिणारे होते. हे पसरणं नाही तर काय आहे? मी डोळ्यांनी बघितलंय, मला गवताचं शास्त्र नका शिकवू.

रातांबा :
चौथ्या अध्यायातला अग्नी ज्याच्या आत पेटतो त्याचंच जाळतो, शेजाऱ्याच्या घरात जात नाही. तो जाळण्याचा दृष्टांत आहे, पसरण्याचा नाही. आणि एक विचारतो, ते काका तुमच्या वडिलांना पहिल्यांदा कधी म्हणाले होते, चला म्हणून?

वाटसरू_आळंदी :
दर वर्षी म्हणायचे. अकरा वर्षं.

रातांबा :
मग ही ठिणगी कशी झाली? अकरा वर्षांची धग आहे ती.

सह्यकडा :
रातांबा यांचं आगीबद्दलचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. मी दर उन्हाळ्यात वणवा विझवायला जाणाऱ्या गटात आहे. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. दुपारी वारं डोंगर चढतं, रात्री उतरतं, म्हणून रात्री तीच आग मंद होते आणि विझवायची वेळ पण तीच. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरचा, पालापाचोळा आणि गवत. उत्तराखंडात चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, पानांत राळ असते, तिथली गोष्ट वेगळी. आणि विझली असं वाटलं तरी जुना बुंधा आतून धुमसत राहतो, दोन दिवसांनी वारं सुटलं की पुन्हा सुरू. मी मेलेल्या घोरपडी बघितल्यात, टिटवीची अंडी भाजलेली बघितलीत.

पण खरा प्रश्न दृष्टांताचा नाहीच, लावतं कोण हा आहे. आपल्याकडे वीज पडून वणवा क्वचित, कारण वीज येते ती वळवाच्या पावसाबरोबर. बाकी सगळा माणसानं लावलेला. गुराखी आणि धनगर, जाळलं की गवत जोमानं येतं या अंधश्रद्धेपायी. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे पण पकडलं कोणाला जातं?

माळरान :
आलात का शेवटी तिथेच. मला वाटलंच होतं दहा ओळींच्या आत आमचं नाव येणार.

मी गवळी धनगर आहे, आमचा वाडा कोयनेच्या वरच्या अंगाला. दिवाळीनंतर घरची सगळी माणसं विळा घेऊन गवत कापतात, गंजी रचतात, त्यावर म्हशी पावसापर्यंत जगतात. ते उभं गवत आम्ही जाळू आणि म्हशींना काय घालू? आमची घरं कुडाची होती, माझ्या आजीचं घर वणव्यात गेलं, त्यात दोन रेडकं खुंट्यालाच होती. ती आग खालून, रस्त्याच्या बाजूनं आली होती, जिथे आमचं कोणी राहत नाही. उपग्रहाचा अलर्ट तुमच्या मोबाईलवर येतो ना, त्यात ३७५ मीटरचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्यात काडी ओढणाऱ्याची जात दिसते का तुम्हाला? फार्महाऊससाठी घेतलेला डोंगर साफ करायला कोण जाळतं, रात्री टेंटपाशी शेकोटी कोण पेटवतं, ते पण लिहा की.

सह्यकडा :
शेकोटीवाल्यांना मी पाठीशी घालत नाहीये. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीला ट्रेकला गेलेले वीसहून जास्त लोक वणव्यात गेले, तेव्हापासून मी उन्हाळ्यात गवताच्या डोंगरावर कोणाला नेतच नाही. पण मी स्वतः एका गुराख्याला काडी लावताना पाहिलंय, त्याचं काय करू?

माळरान :
एकाला पाहिलंत म्हणून सगळ्या समाजाचं नाव लिहिलंत. माझ्या चुलत्यानं पण लावली होती एकदा, खोटं कशाला बोलू. माझ्या आजोबांनी त्याला आठ दिवस वाड्यात घेतलं नाही. हे तुमच्या अहवालात येत नाही.

भातखाचर :
आणि त्याच्यात राब पण ओढू नका कृपया, कारण पुढची कमेंट तीच येणार हे मला माहितीय. आमच्या मावळात दर वर्षी कोणीतरी व्हिडिओ काढून टाकतं, आदिवासी जंगल जाळतायत म्हणून, आणि तो असतो आमच्या राबाचा. राब म्हणजे खाचरातल्या रोपाच्या तुकड्यावर शेण, टहाळ्या, पालापाचोळा, वर माती असं थरानं रचून सावकाश भाजणे. तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. माझी सासू वारं पडलेलं बघून, कडेनं पाला झाडून घेऊन, पाण्याची कळशी शेजारी ठेवून पेटवते, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवते म्हणजे आग सरपटत हळू जाते. तिला ज्वाळा दिसलेली चालत नाही, धूर निघाला पाहिजे म्हणते. जाळ झाला तर राब फुकट गेला.

सह्यकडा :
ताई, राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दर वर्षी छाटून झाडांचे खांब झालेत ते पण बघा. आणि राबातून सुटलेली आग जंगलात गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

भातखाचर :
सुटते कधीकधी, नाही म्हणत नाही. चुलीतून पण सुटते. म्हणून स्वयंपाक बंद करायचा का? छाटलेलं झाड पावसात पुन्हा फुटतं, पिढ्यान्पिढ्या तीच झाडं आहेत. रस्त्यासाठी तोडलेलं फुटतं का ते सांगा.

मोहफूल :
चंद्रपूरकडून. इकडे मोह वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, नाहीतर पाचोळ्यात फूल दिसत नाही. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावी म्हणून पण जाळतात. आम्ही काही गावांत आता जाळण्याऐवजी झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरतो, फूल पण स्वच्छ मिळतं आणि भाव पण. पण आग म्हणजे नुसता नाश हे मला पटत नाही. सागाची साल जाड, लहान आग तो सोसतो. कुसळी गवताचं बी स्वतःला पिळा देत मातीत घुसतं, वरून आग गेली तरी आत जिवंत. जंगलाला आग नवीन नाही, वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात तिथेच आग ही नवीन आहे. रोपटं हातभर व्हायच्या आत पुन्हा जळतं.

पॅसिफिकपार :
मी अमेरिकेत कॅलिफोर्नियात, पॅसाडिनाजवळ राहते, ७ जानेवारी २०२५ ला ईटन फायर सुरू झाली तेव्हा आम्ही रात्री मुलांना उचलून गाडीत बसवून निघालो. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत मिळून सोळा हजारांवर इमारती गेल्या. रातांबांना एक सांगायचंय, ठिणगीला इतकं कमी लेखू नका. सांता आना म्हणजे तिकडचा कोरडा, जोराचा वारा, तो त्या रात्री असा होता की जळते तुकडे उडून लांब लांब पडत होते, आगीची रांग पोचायच्या कितीतरी आधी मधली घरं पेटत होती. नंतर परत गेलो तर घर जमिनीला मिळालेलं आणि शेजारी हिरवं झाड उभं. मला ते झाड बघून रडू आलं. आग सलग पुढे सरकते हे चित्र तिथे लागूच पडत नव्हतं.

रातांबा :
ताई, तुम्ही सुखरूप आहात हे बरं. ठिणगी उडते हे मान्य, आमच्या सड्यावर तेवढा वारा नसतो म्हणून मी ते धरलं नाही, ती चूक माझी. पण तुम्हीच सांगताय, हिरवं झाड उभं राहिलं. मग ठिणगीनं घर कुठून धरलं?

पॅसिफिकपार :
छपराखालच्या हवेच्या जाळ्यांतून आत जातात, किंवा पन्हाळीत साठलेल्या सुक्या पानांत पडतात असं नंतर सांगितलं आम्हाला. आमची पन्हाळ मी दिवाळीपासून साफ करायची म्हणत होते.

रातांबा :
हेच माझं म्हणणं आहे. ठिणग्या हजार उडतात, सुकं सापडेल तिथेच धरतात.

वाटसरू_आळंदी :
पण मग वडिलांचं काय होतं, ते सुकले होते असं म्हणायचंय का तुम्हाला? चांगलं होण्याला सुकणं म्हणायचं? मला हा शब्द टोचतो.

ओवी_वाचक :
तुमचं भांडण माऊलींनी आधीच सोडवलेलं आहे. अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो तिथे दृष्टांत दिव्यानं दिवा लावण्याचा आहे, आणि द्वैत न मोडता त्याला आपल्यासारखा केला असं म्हटलंय. म्हणजे दिवे दोन राहतात. पहिल्याचं काही कमी होत नाही, दुसरा जळून जात नाही, त्याची वात आणि तेल त्याचंच असतं. वणव्यात दोन झाडं दोन राहत नाहीत. माझ्या मते प्रवचनकारांना म्हणायचं हेच होतं, त्यांनी दृष्टांत चुकीचा उचलला.

वाटसरू_आळंदी :
दिव्याचं पटलं. वातीला तेल चढायला वेळ लागतो, अकरा वर्षं त्यात बसतात. पण म्हणून प्रवचन खोटं होत नाही, आणि दीडशे माणसांनी हात जोडले त्यांना मूर्ख समजू नका रातांबा.

रातांबा :
मूर्ख कोणालाच म्हटलेलं नाही. शंभर लिहिलेत, दीडशे तुमचे. त्यात माझी आई पण आहे, पायाच्या फोडांचे डाग असलेली. तिला मी विचारलं तर म्हणाली, अरे मी नाम वाचून हात जोडले, वणवा वाचलाच नाही.

बागेचा पंचनामा झाला होता, दोन साहेब येऊन मोजून गेले, पैसे अजून आले नाहीत. तो विषय वेगळा, पण इथे आगीवर बोलतोच आहोत म्हणून. या वर्षी डिसेंबरात बांधाच्या कडेनं वीस फुटांचा पट्टा साफ करायचाय, कोणाला यायचं असेल तर जेवण आमच्याकडे.

सह्यकडा :
आमच्या गटातले सहा जण येतील. ब्लोअर आहे आमच्याकडे, पाला उडवायला.

माळरान :
मी पण विळे घेऊन येतो, चौघं आहोत, गवत कापण्यात आमचा हात तुमच्या मशीनपेक्षा चांगला. पण सह्यकडा, वर तुम्ही "गुराखी आणि धनगर" लिहिलंय ते अजून तसंच आहे.

सह्यकडा :
"काही गुराखी" असं करतो.

माळरान :
आणि धनगर?

सह्यकडा :
काढला.