मुंबईत बसलेन झाल्या तर बाइकना आत सोडायचं का? माझं मत: नको

घाटकोपरकर:
परवा ऑफिसात जेवताना यावरून जोरदार वाद झाला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. एक मित्र म्हणाला लंडनमधे बसलेनमधून बाइक जातात, मग आपल्याकडे नीट बसलेन, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन, आखल्या की बाइकवाल्यांनाही द्या, गाड्यांच्या मधून कट मारत जाण्यापेक्षा बरं. ऐकताना मलाही पटलं होतं. पण मी रोज बसने जातो, आणि बसमधून उतरणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघितलं की हे पटत नाही.

जानेवारीत आई बरोबर होती. वय ६८, गुडघे दुखतात, एका हाताने दांडा धरून एकेक पायरी उतरते. स्टॉपसमोर रिक्षा आणि दोन टेम्पो उभे, त्यामुळे बस फुटपाथला लागलीच नाही, पाच-सहा फूट बाहेर थांबली. आईचा पाय रस्त्याला टेकणार तेवढ्यात बस आणि टेम्पोच्या मधल्या फटीतून एक स्कूटर आली आणि तिचा आरसा पिशवीच्या बंदात अडकला. पिशवी हातातून सुटली, लिंबं कोथिंबीर सगळी रस्त्यावर. दांडा सोडला नव्हता म्हणून आई पडली नाही. पोरगा विशीचा असेल, थांबला, गाडी स्टँडला लावून लिंबं गोळा करून दिली, हात थरथरत होते त्याचे. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं पण ओरडवलं नाही. तो काही बेफाम नव्हता, त्याला ती फट म्हणजे रस्ता वाटला एवढंच.

आज ती फट चूक आहे. उद्या बसलेनमधे बाइकला परवानगी दिली की तीच फट हक्काची होणार, कारण आपल्याकडे बसलेन म्हणजे डावीकडची कडेची लेन, आणि माणसं उतरतात तीही डावीकडेच. म्हणून माझं स्पष्ट नको.

डोंबिवली ते अंधेरी:
आईंना लागलं नाही हे वाचून बरं वाटलं, मनापासून. आता माझी बाजू ऐका. मी अकरा वर्षं बाइकने जातोय, शीळफाटा, ऐरोली, मग जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सी लिंक आम्हाला बंद, फ्रीवे बंद, जेजे फ्लायओव्हर २०१० पासून बंद, कोस्टल रोड झाला तो बंद, अटल सेतू बंद. प्रत्येक वेळी कारण एकच, तुमच्या सेफ्टीसाठी. मग आम्ही जायचं कुठून, तर खालून, डंपर टँकर आणि मेट्रोच्या बॅरिकेडच्या मधून. २०२२ मधे देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हा सरकारी आकडा आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे मेलेले आमच्यातले, आणि जागा द्यायची वेळ आली की आम्ही शेवटी.

बसचा मला त्रास नाही हो. बस कुठे थांबणार ते मला माहीत असतं, तिचा ड्रायव्हर दिवसभर हेच काम करतो. मला भीती त्या कारवाल्याची, जो सिग्नलला मोबाइल बघत असतो आणि मधेच दार उघडतो किंवा इंडिकेटर न देता डावीकडे घेतो. त्यापेक्षा बसच्या मागे निवांत जाईन. आणि लंडनने हे उगाच केलेलं नाही, ट्रायल घेतली, मग कायम केलं.

पायी_चालणारी:
लंडनचं अर्धंच सांगितलंत दादा. ५ जानेवारी २००९ ला मोठ्या रस्त्यांच्या बसलेनमधे ट्रायल सुरू झाली, आणि पहिल्या टप्प्याच्या अभ्यासात बाइकवाल्यांच्या अपघातांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, बाइकचा वेगही वाढला होता. म्हणून दुसऱ्या टप्प्यात पोलिसांनी वेगावर कडक नजर ठेवली आणि जनजागृती केली, तेव्हा कुठे २०१२ च्या जानेवारीत ते कायम झालं. म्हणजे नुसती लेन देऊन जमलं नाही, वेग धरला तेव्हा जमलं. दुसरं म्हणजे तिथे एकूण ट्रॅफिकमधे बाइक अगदी थोड्या. मुंबईत रजिस्टर झालेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त दुचाकी आहेत. त्या सगळ्या एका लेनमधे सोडल्यावर बसला उरणार काय? साठ माणसांची बस चाळीस बाइकच्या मागे अडकली तर त्या लेनला बसलेन कशाला म्हणायचं.

रिटायर्ड_डायवर:
मी सव्वीस वर्षं बस चालवली, एलबीएस रोड, सायन, परळ, सगळीकडे. डोंबिवलीचे भाऊ म्हणतात बस कुठे थांबणार ते माहीत असतं. तुम्हाला माहीत असतं, पण तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नसतं ना. डाव्या आरशात मागचा दरवाजा आणि थोडा रस्ता दिसतो, पण पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या खाली, जिथे बाइक येऊन उभी राहते, तिथे मला काहीच दिसत नाही. स्टॉपवरून निघताना स्टिअरिंग उजवीकडे कापलं की मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे उरलेला भाग, डावीकडे फिरतो, बारा मीटरची बस आहे, शेपटी फूटभर तरी बाहेर येते. फुटपाथ आणि बसच्या मधे कोणी असेल तर तो सापडलाच. मी शिकाऊ असताना मास्तरांनी पहिली गोष्ट सांगितली होती, उजवीकडे वळताना डावीकडे बघ.

आणि लेनमधे तुम्ही सरळ जाणार असं वाटतं का तुम्हाला? दर तीनचारशे मीटरवर स्टॉप. स्टॉपला एक बस नाही, एकदम तीन येतात. तुम्ही थांबणार नाही, उजवीकडून बाहेर निघणार, कारच्या लेनमधे घुसणार, पुढे जाऊन परत डावीकडे येणार, आणि नेमका त्याच वेळी मी स्टॉप सोडून निघत असणार. म्हणजे लेन मिळूनही कट मारणं काही सुटत नाही, फक्त आता समोर कारच्या ऐवजी बस.

डोंबिवली ते अंधेरी:
काका, शेपटीचं मला खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं चालवतोय, कोणी सांगितलंच नाही, लायसन्सच्या वेळी आठ काढून दाखवला आणि झालं. हे शिकवायला हवं. पण तुम्ही सगळे मला बाइकवाला डावीकडून घुसतो एवढंच सांगताय, मी बसच्या मागे राहायला तयार आहे असं म्हणतोय. नियमच करा, बस स्टॉपवर उभी असेल तर बाइकने तिच्या मागे थांबायचं, डावीकडून तर अजिबात नाही, आणि लेनमधे ताशी ३० च्या वर नाही. तीसला माणूस एका सेकंदात आठेक मीटर जातो, पन्नासला चौदा. तीसला ब्रेक मारायला वेळ मिळतो.

स्कूटी_मुलुंड:
मी रोज स्कूटी चालवते आणि मला ती लेन नकोच आहे, फुकट दिली तरी. पावसाळ्यात डावीकडची बाजू कधी बघितलीत का, पाणी तिथेच साचतं, गटाराची झाकणं तिथे, उखडलेले पेव्हर ब्लॉक तिथे, आणि बसच्या मागे असलं की पुढचा खड्डा दिसतच नाही, बसची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि माझं एकच चाक नेमकं मधल्या खड्ड्यात. जुलैत मी मुद्दाम मधून चालवते. बाइकला जागा द्यायचीच तर मलेशियासारखी द्या, तिथे क्वालालंपूर ते क्लांग हायवेला सत्तरच्या दशकापासून बाइकची वेगळी लेन आहे, बाकीच्या गाड्यांपासून तोडलेली. तशी आपल्या दोन्ही एक्स्प्रेस हायवेला मागा की. बसवाल्यांच्या ताटातलं कशाला मागायचं?

डोंबिवली ते अंधेरी:
ताई, ती मिळेपर्यंत मी निवृत्त होईन. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सायकल ट्रॅक बांधले आणि पुढे ट्रॅफिकसाठी ते काढायचं ठरलं. वेगळी लेन मागणं सोपं आहे, पण मी उद्या सकाळी सात वाजता कुठून जाऊ ते सांगा.

घाटकोपरकर:
तुमचा हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही, हे मान्य. पूल बंद करताना बाइकवाल्याला खाली डंपरमधे सोडून द्यायचं आणि त्यालाच बेशिस्त म्हणायचं हा अन्यायच आहे, त्यासाठी तुम्ही आवाज उठवलात तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण बसमागे थांबायचा नियम पाळणार कोण? सिग्नलला झेब्रावर चढून उभं राहू नका हा नियम आजही आहेच की. फुटपाथवर चढलेली बाइक मी रोज बघतो. तुम्ही थांबाल, मला खात्री आहे. तुमच्या मागचा हॉर्न वाजवेल, त्याच्या मागचा डावीकडून काढेल, आणि उतरणारी माझी आई असेल किंवा दुसऱ्या कोणाची.

पायी_चालणारी:
मग सुरुवात स्टॉपपासून करा ना. स्टॉपच्या आधी वीस मीटर आणि नंतर वीस मीटर एकही रिक्षा टेम्पो उभा राहू द्यायचा नाही, बस फुटपाथला चिकटून लागली की फट उरतच नाही, मग बाइक डावीकडून येणार कुठून. याला नवीन लेन लागत नाही, रंग पण लागत नाही, एक हवालदार आणि टोइंगची गाडी लागते.

रिटायर्ड_डायवर:
बरोबर बोललात ताई. आम्हाला बस कडेला लावायची हौस नव्हती असं नाही, जागाच नसायची. मी कितीदा हॉर्न देऊन टेम्पोवाल्याला हलवलाय, तो म्हणायचा दोन मिनिटं काका, माल उतरतोय.

डोंबिवली ते अंधेरी:
स्टॉप मोकळे ठेवण्याला माझा पूर्ण पाठिंबा. लेनबद्दल माझं मत अजून तेच आहे, निदान जिथे किलोमीटरभर स्टॉप नाही अशा हायवेच्या पट्ट्यात ट्रायल घेऊन बघा. पण उद्यापासून उभ्या बसच्या डावीकडून मी जाणार नाही, काका, तेवढं नक्की.