रेजिमेंटला माणसं कशी जमवायची? (होल्डफास्ट, सध्या नऊ जण)

नववा_शिपाई
नमस्कार मंडळी. होल्डफास्टमध्ये (नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा ऑनलाइन गेम) सहा महिने झाले आम्ही नऊ जण एकत्र खेळतोय. ब्रिटिश ३३वी फूट (पायदळाची रेजिमेंट) घेतलीय, डिस्कॉर्ड आहे, झेंडेवाला ठरलाय, ड्रमवाला पण आहे, फक्त रांग म्हणावी एवढी माणसं नाहीत. नऊ जणांची लाइन समोरच्यांच्या दोन व्हॉलीत (एकदम झाडलेल्या गोळ्यांत) आडवी होते. लाइनबॅटलला (रेजिमेंटा रांगा लावून लढतात ती ठरवून घेतलेली मॅच) नाव द्यायला गेलं की आयोजक म्हणतात किमान पंधरा आणा. तर भरती कशी करायची? अटी आधीच सांगतो म्हणजे नंतर वाद नको. खर्च शून्य. आठवड्यातून दोनच संध्याकाळी, बुधवार आणि रविवार. आणि दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन व्हायचं नाहीये, कृपया ते सुचवू नका.

कर्नल_कडक
सोप्पं आहे. स्वतःचा सर्व्हर भाड्याने घ्या, त्याला रेजिमेंटचं नाव द्या, रोज रात्री चालू ठेवा, लोक आपोआप येतात. आमचे ११० जण आहेत, वॉरबँड या जुन्या गेमच्या नेपोलियनिक वॉर्सपासून म्हणजे २०१२ पासूनची रेजिमेंट आहे आमची.

नववा_शिपाई
दादा, खर्च शून्य लिहिलंय वर.

कर्नल_कडक
सर्व्हर हा खर्च नसतो, गुंतवणूक असते.

ओली_दारू
विलीन व्हा. माहितीये नको म्हणालात, तरी सांगतो. मी पण असाच सात जणांचा मावळा.. म्हणजे कर्नल होतो, हट्टाने स्वतंत्र राहिलो, आणि माणसं मिळेनात म्हणून एका मोठ्या सर्व्हरच्या मेंबर लिस्टमधल्या दीडदोनशे लोकांना एकच मेसेज चिकटवत सुटलो. पहिल्याच रात्री अकाउंट गेलं. डिस्कॉर्डच्या नियमात असले न मागता पाठवलेले घाऊक मेसेज स्पॅमच धरतात, हे मला नंतर कळलं. रेजिमेंटचा सर्व्हर माझ्याच नावावर, दुसऱ्या कोणाला अ‍ॅडमिन केलेलं नव्हतं, सगळं बोंबललं. तेव्हा भरतीबिरती राहू दे, आधी अजून एकाला अ‍ॅडमिन करा.

तोफची_बाळू
+१ सर्व्हर घ्या.

तिरकी_संगीन
खर्च शून्य म्हणतायत ते, वाचा की राव.
मी तीन वर्षं एका रेजिमेंटची रिक्रूटिंग सार्जंट होते, माझा अनुभव सांगते. चॅटमध्ये "रिक्रूटिंग, जॉइन अस" असं दर दोन मिनिटांनी टाकणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पब्लिक सर्व्हरवर सहा-सात जण नावापुढे एकच रेजिमेंटचा टॅग लावून शिरा, एकाने ऑफिसर घ्या, माइक चालू ठेवा आणि फक्त नीट रांग धरा. पब्लिकमध्ये सगळे सैरावैरा पळत असतात, त्यात सात जण खांद्याला खांदा लावून "रेडी, प्रेझेंट, फायर" करताना दिसले की अनोळखी पोरं आपणहून शेजारी येऊन उभी राहतात. त्यांना हाकलू नका, नावाने हाक मारा. राउंड संपल्यावर त्याने काय चांगलं केलं ते सांगा, "तो मागून आलेला घोडेस्वार तू पाडलास ना" वगैरे, आणि मगच लिंक द्या. दहातले दोन येतात, त्यातला एक टिकतो. हे हळू होतं पण फुकट आहे.
दुसरं म्हणजे लिंकवरून आलेल्या माणसाशी पहिल्या तासाभरात कोणीतरी जिवंत माणसाने बोललं पाहिजे. बॉटचा वेलकम मेसेज चालत नाही. आमच्याकडे आलेला माणूस दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेपर्यंत दुसरीकडे भरती झालेला असायचा.

इतिहास_वेडा
अवांतर: ३३वी घेतलीय तर रांग दोनचीच लावता ना? गेमात लोक तीन-तीन लावतात ते बघून डोकं फिरतं. तीन रांगा फ्रेंचांच्या, त्यांच्या १७९१ च्या नियमांप्रमाणे. ब्रिटिश दोन.

कर्नल_कडक
चूक. ब्रिटिशांच्या पुस्तकातही तीनच आहेत. डंडासचे १७९२ चे नियम वाचा.

इतिहास_वेडा
पुस्तकात तीन, पण स्पेनमध्ये आणि वॉटर्लूला मैदानात दोनच्या वापरत होते. पुस्तक आणि लढाई यात फरक असतो कर्नलसाहेब.

कर्नल_कडक
मला शिकवू नका, २०१२ पासून कमांड करतोय.

ओली_दारू
१७९२ पासून करत असता तर मानलं असतं.

नववा_शिपाई
अहो नऊच जण आहोत, तीन रांगा लावल्या तर तीन-तीन येतील. भरतीबद्दल बोला ना प्लीज.

इतिहास_वेडा
बरं, भरतीबद्दलच. तुमच्या ३३व्या रेजिमेंटचं टोपणनाव हॅवरकेक लॅड्स. असं सांगतात की यांचे भरती सार्जंट तलवारीच्या टोकाला ओटची भाकरी खोचून गावोगाव फिरायचे, उपाशी पोरांना दिसावी म्हणून. आमच्याकडे आलात तर खायला मिळेल, एवढीच जाहिरात. तर प्रश्न असा की तुमच्या तलवारीला भाकरी कोणती लावलीय? "ऐतिहासिक, शिस्तबद्ध, मजा पण करतो" हे सगळेच लिहितात. त्यात ३३वी म्हणजे वेलिंग्टन जिचा लेफ्टनंट कर्नल होता ती, त्यामुळे हा नंबर घेऊन बसलेले ढिगाने असणार. नवा माणूस तुमच्याचकडे का येईल?

तिरकी_संगीन
हे बरोबर बोललात. आमची भाकरी म्हणजे संगिनीचं ट्रेनिंग होतं. नवीन पोरगा यायचा तो मेलीत, म्हणजे समोरासमोरच्या संगिनीच्या मारामारीत, सारखा मरून वैतागलेला, आम्ही त्याला ब्लॉक कसा करायचा ते अर्धा तास बसून शिकवायचो. शिकायला म्हणून आले ते राहिले. हुद्द्याच्या आशेने आलेले सगळे गेले.

मेजर_मिस्टेक
हुद्दे वाटू नका!!! आमच्यात १४ जण होते, त्यात एक कर्नल, दोन मेजर, तीन कॅप्टन, चार सार्जंट, आणि लाइनमध्ये उभं राहायला चार. माणसं टिकावीत म्हणून मीच वाटले. मग एका रविवारी दोन कॅप्टनांचं पटलं नाही, एकाने डावीकडे वळा म्हटलं दुसऱ्याने उजवीकडे, लाइन मधोमध फाटली, आणि रात्री एक कॅप्टन पाच जणांना घेऊन गेला आणि स्वतःची रेजिमेंट काढली. त्याचाही वर मलाच मेसेज, भरती चालू आहे येतोस का. 😑

तोफची_बाळू
+१ हुद्दे वाटू नका. सर्व्हर घ्या.

धुके_आणि_धूर
वॉर ऑफ राइट्समध्ये (अमेरिकन यादवी युद्धाचा गेम) या ना त्यापेक्षा. तिकडे अँटीटमची लढाई आहे, १८६२ ची, मक्याचं शेत वगैरे. रांग सोडून मेलात तर आपल्या बाजूची तिकिटं (ती संपली की बाजू हरते) जास्त जातात, त्यामुळे लोक झक मारत रांगेत राहतात आणि एकटादुकटा माणूस आपोआप कुठल्यातरी कंपनीला चिकटतो.

नववा_शिपाई
गेम बदलायचा नाहीये हो.

धुके_आणि_धूर
मग एक करा, प्रसिद्ध रेजिमेंटचं नाव सोडा. मी फर्स्ट टेक्सस काढली होती, ती मक्याच्या शेतात गेली तेव्हा साधारण २२६ होते आणि त्यातले १८६ पडले किंवा जखमी झाले. आमचीही दर मॅचला तीच गत, तेवढं मात्र ऐतिहासिक.

वेळापत्रक
कोणी वेळेबद्दल बोललंच नाही. बुधवार-रविवार ठीक, पण किती वाजता आणि कुठल्या घड्याळाने? मध्य युरोपात रात्रीचे आठ म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन. आम्ही नुसतं "संध्याकाळी ८" लिहिलं होतं, अर्धे लोक कधी आलेच नाहीत आणि आम्ही त्यांना बेशिस्त म्हणत बसलो. डिस्कॉर्डच्या इव्हेंटमध्ये वेळ टाकली की प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसते. आणि गेमचा सेल लागतो त्या आठवड्यात पब्लिकमध्ये बसा, नवीन माणूस तेव्हाच सापडतो. जुने सगळे कुठे ना कुठे बांधलेले असतात, त्यांना फोडायला गेलात तर फक्त भांडणं.

ओली_दारू
आणि दर इव्हेंटला सगळ्यांना एकत्र टॅग करू नका, लोक म्यूट करतात. मी केलंय.

कर्नल_कडक
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा आमच्याकडे या, नऊ जणांची वेगळी कंपनी देतो, नाव तुमचंच ठेवा.

नववा_शिपाई
धन्यवाद, पण नको.
काल रात्री आम्ही नऊही जण बोललो. भाकरीचा मुद्दा डोक्यात राहिला होता. प्रामाणिकपणे विचारलं की आपल्याकडे असं काय आहे, तर उत्तर आलं की आपण नऊ जण आहोत आणि आपलं जमतं, बस. पंधरा झाले की पंचवीस हवेत, पंचवीस झाले की सार्जंट हवेत, मग वरच्या मेजरसाहेबांसारखं व्हायचं. म्हणून ठरवलं, ३३वी बंद. आम्ही तोफखाना होतोय. दोन आयोजकांना विचारलं, त्यांना तोफेवर माणसं मिळतच नाहीत, किमान आकड्याची अट पण नाही. या रविवारचा स्लॉट मिळाला.

कर्नल_कडक
तोफखाना?? दोन महिन्यांत कंटाळून पळतील सगळे. दांडा घाला, गोळा घाला, बत्ती द्या, तेच तेच. लिहून ठेवा.

तोफची_बाळू
मी चार वर्षं तोफेवरच आहे. कंटाळा येतो. पण येतो म्हणून काय.

इतिहास_वेडा
रॉयल आर्टिलरी करताय की हॉर्स आर्टिलरी? वॉटर्लूला मर्सरच्या जी ट्रूपकडे, म्हणजे हॉर्स आर्टिलरीच्या तुकडीकडे, नऊ पौंडी तोफा होत्या. नऊ जणांना नऊ पौंडी, घ्या तीच.

तिरकी_संगीन
एवढं मी टाइप केलं ते वाया 😄 असू दे. पण ड्रमवाल्याचं काय? तोफेवर ड्रम कशाला?

नववा_शिपाई
तोच एक नाराज आहे. म्हणतोय गोळे उचलणार नाही, मागे उभा राहून वाजवणार.

मेजर_मिस्टेक
आमच्याकडे पाठवा त्याला. कॅप्टन करतो.