अनुभव धागा: परदेशातला पहिला महिना आणि घरी केलेला फोन

मंडळी, गेल्या आठवड्यात मावसभावाचा मुलगा शिकायला बाहेर गेला. पोचल्यावर फोन आला, "बठ्ठं बरं शे." (सगळं बरं आहे.) त्याच्या आईचं समाधान झालं, माझं नाही झालं. २००९ साली मीही हेच वाक्य बोललो होतो. तेव्हा माझी बॅग विमान कंपनीने दुसऱ्याच देशात पाठवली होती आणि मी तीन दिवस एकाच शर्टात वर्गात जात होतो.

तर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून शिकायला बाहेर गेलेल्यांनी इथे लिहा. व्हिसा, इंग्रजी परीक्षेचे बँड, कर्ज हे नको, ते कन्सल्टन्सीवाले सांगतात. रोजचं जगणं पहिल्यांदा कसं दिसलं ते सांगा. अट एकच: घरी काय सांगितलंत आणि खरं काय होतं, दोन्ही यायला पाहिजे. अहिराणीत लिहिलं तर उत्तमच.

पारोळेकर, आखेन (जर्मनी)

ऑक्टोबर २०२३. शनिवारी रात्री पोचलो. बॅगेत कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बिबडे (ज्वारीचे पापड) सगळं होतं, तवा नव्हता. म्हटलं सकाळी घेऊ. सकाळ निघाली रविवारची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच. आपल्याकडे बंद दुकानाचं अर्धं शटर वर करून माल मिळतो, तसला काही प्रकार नाही. शेवटी स्टेशनवरच्या बेकरीत दगडासारखा एक काळा पाव मिळाला. आईने विचारलं, काय खाल्लं? म्हटलं, भाकर.

पैशांचं तर विचारूच नका. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,२०८ युरो भरावे लागायचे (आता आकडा वाढलाय), आणि त्यातले दर महिन्याला ९३४ हातात यायचे. गावात सगळ्यांचा समज, पोऱ्या पैशांवर बसलाय. पण ते पैसे सुटायला तिथलं बँक खातं पाहिजे, माझ्या बँकेला पत्त्याची सरकारी नोंद पाहिजे, नोंदणीला घरमालकाचं पत्र पाहिजे, आणि घरमालक गेलेला सुट्टीवर. बाबांबरोबर तलाठी-सर्कल-तहसील हा फेरा मी केलेला आहे, त्यामुळे प्रकार ओळखीचा वाटला. फक्त इथे मध्ये चहाची टपरी नव्हती.

ते तीन आठवडे बाटल्यांनी तारलं. पाण्या-सोड्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की पावती निघते, ती काउंटरवर चालते. फ्लॅटमध्ये पार्टी झाली की सकाळी "मी आवरतो" म्हणून पुढे व्हायचो. एकदा ४२ बाटल्या निघाल्या, साडेदहा युरो. घरी सांगितलं, "रूममेट्स चांगले आहेत." हे खोटं नव्हतं.

कॉलेजचं एक सांगतो. वेळापत्रकात १० लिहून पुढे सी.टी. अशी अक्षरं असतील तर तास सव्वादहाला सुरू होतो. मला कोण सांगणार? पावणेदहाला जाऊन रिकाम्या हॉलमध्ये बसलो, दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरा हॉल शोधायला निघालो, फिरून परत आलो तर सर फळ्यावर अर्धं गणित करून मोकळे.

आणि हे पहिल्या महिन्यातलं नाही, तरी लिहितोच. पहिल्या परीक्षेत १.३ मिळाले. इथे १ सगळ्यात वर, आकडा ४ च्या पुढे गेला की नापास. उड्या मारत बाबांना फोन केला. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले, "जाऊ दे रे भो, पुढच्या वेळी चांगलं कर."

शहाद्याची, तिबिलिसी (जॉर्जिया), एमबीबीएस

आमच्या बॅचला खानदेशातलीच आम्ही सहा जण, त्यामुळे एकटं वाटलं असं म्हणणार नाही. उलट कधी एकटं बसायला मिळतंय असं झालं होतं. मेस भारतीय, आचारी उत्तरेकडचा, रोज राजमा. घरी सांगितलं, जेवण मस्त आहे.

खरं म्हणजे मी बाहेर पावावर जगत होते. तिथे गल्लीत जमिनीतल्या खोल गोल भट्टीत, आपल्या तंदूरचं भावंडच म्हणा, कडेला चिकटवून लांबट टोकदार पाव भाजतात. शोती म्हणतात. गरम हातात घेतला की खोलीवर पोचेपर्यंत अर्धा संपतो. आणि एक दिवस हॉटेलात वांगं आलं: तळलेल्या लांब कापांत वाटलेला अक्रोड आणि लसूण भरलेला. मी आईला फोटो पाठवला. आई म्हणाली, "भरताच्या वांग्याची अशी दशा?" (मला आवडलं होतं. ते सांगितलं नाही.)

कुत्र्यांच्या कानाला प्लास्टिकचे बिल्ले दिसले तर घाबरू नका. लस टोचून, नसबंदी करून सोडलेली असतात. मी पहिले पंधरा दिवस ती कोणाची तरी पाळलेली समजून मालक शोधत होते.

लिपीच्या ३३ अक्षरांपैकी महिन्याभरात अकरा ओळखायला लागले. बसच्या पाट्यांना पुरतात.

एरंडोलकर, जपान

कचरा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्रत्येकाचा वार ठरलेला. माझी पहिली पिशवी दाराशी परत, वर चिठ्ठी चिकटवलेली. भाषांतराच्या ॲपने सांगितलं: आजचा वार नाही. घरी सांगितलं, शेजारी फार लक्ष देतात.

नवापूरवाला, लेस्टर (इंग्लंड)

आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तेव्हा गुजराती आपोआप येते. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर पहिल्याच दिवशी दुकानदाराने "केम छो" म्हणत फाफडा दिला. परदेशात आल्यासारखं वाटायला मला तीन आठवडे लागले.

ते वाटलं डिसेंबरात. दुपारी चारच्या आत सूर्य बुडायचा. लेक्चरला जाताना अंधार, बाहेर पडताना अंधार. आणि लोक समोरून जाताना "ऑल राइट?" विचारतात, उत्तराला थांबत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात तीन जणांना थांबवून तब्येत सांगितली आहे.

मिरचीचा ठेचा करताना धुराचा अलार्म वाजला. आख्खी बिल्डिंग पायजम्यात खाली. नंदुरबारची मिरची, दोष तिचा नाही, पंखा लावायचा राहिला होता.

घरी सांगितलं होतं, लायब्ररीत पार्टटाइम लागलो. गोदामात होतो, आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत, खोके चढवायला. बाबा स्वतः मार्केट यार्डात हमाली करून मला शिकवतात, त्यांना हे कसं सांगणार? अजून सांगितलेलं नाही.

भुसावळ जंक्शन, ॲरिझोना (अमेरिका)

उन्हाबद्दल मला कोणी शिकवू नये, अशा थाटात गेलो होतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला. म्हणजे आपले ४३ अंश आणि पुढे. भुसावळात असं ऊन असलं की दुपारी रस्ता ओस पडतो, पण संध्याकाळी ओट्यावर माणसं येतात. इथे संध्याकाळीही कोणी नाही. किराणा घेऊन चाळीस मिनिटं पायी आलो, वाटेत पायी चालणारा दुसरा माणूस दिसला नाही. आणि लायब्ररीत एसी एवढा, की स्वेटर घालून बसायचो.

आईला म्हटलं, आज ११० आहे. ती म्हणाली, गोळी घेतली का?

दुकानात पाटीवर एक किंमत, काउंटरवर टॅक्स धरून दुसरी. पहिल्या वेळी मी भांडलो. पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार.

रावेरचा, डब्लिन

सुपरमार्केटात केळी बघितली, स्टिकर दक्षिण अमेरिकेतला. एकसारखी, डाग नाही, चवही नाही. दर बाबांना सांगितला. त्यानंतर माझ्या अभ्यासाचं त्यांनी काही विचारलंच नाही.

धागाकर्ता

रावेरवाले, तो दर इथे नको. आमच्याकडे घरोघरी भांडणं लागतील.

चोपड्याची आई

मी शिकायला गेलेली नाही, मुलगा गेलाय. लिहिलेलं चालतं का? तुम्ही सगळे आपल्याच फोनचं सांगताय, म्हणून लिहिते.

तो ऑगस्टात गेला आणि कानबाईचा सण आठ दिवसांवर आला. आमच्यात प्रसादाच्या रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात. सासूबाईंनी विचारलं, त्याची मूठ घ्यायची का? तो इथे नाही, रोट बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर प्रश्नच नाही. मग खाणार कोण? मी म्हटलं, घ्या. कानबाई बोळवल्यावर दोन दिवस त्याचा वाटा मीच खाल्ला, पोट बिघडलं. त्याने फोनवर विचारलं, रोट कसे झाले? म्हटलं, यंदा कमीच केले.

धरणगावकर, सप्टेंबरात निघणार

तव्याचं लिहून घेतलं. बिबडे मोठ्या बॅगेत टाकले तर भुगा होतो का?

पारोळेकर, आखेन (जर्मनी)

होतो. पत्र्याच्या डब्यात भर, वरून टॉवेल कोंब. आणि शनिवारी पोचू नकोस.