साताऱ्यात गरम-थंड दोन्ही करणारा एसी बसवायचाय, शनिवारच्या आत मदत हवी आहे

गोडोलीकर
साताऱ्याच्या घरी आईच्या खोलीत एसी बसवायचाय. उन्हाळ्यात थंड आणि थंडीत गरम, दोन्ही एकाच मशीनमध्ये पाहिजे. आईला दमा आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे फार त्रास होतो. दुकानदार म्हणतो, "रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे बघा, गरम पण होतो." मेव्हणे म्हणतात, साधाच घे आणि थंडीला हीटर लाव. शनिवारी बसवायला माणूस येतोय. दीड टन पुरेल का? थ्री स्टार की फाइव्ह स्टार? लवकर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ
खोली केवढी? कितवा मजला? वर स्लॅब की पत्रा? पश्चिमेची भिंत उघडी आहे का? टन म्हणजे एसीची थंड करायची ताकद, हे कळल्याशिवाय दीड टन की एक टन कोण सांगणार?

गोडोलीकर
बेडरूम असते तेवढीच आहे. वरचा मजला. मला मुख्य म्हणजे तो गरम होईल का ते सांगा.

माणदेशी
साताऱ्यात एसी कशाला? मार्च ते मे हवा कोरडी असते, वाळ्याचा कूलर लावा, झकास गार होतं. आमच्या दहिवडीला 40 च्या पुढं जातं तरी कूलरवर भागतं. आणि थंडीत रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवायची. आमची आजी 90 वर्षं जगली.

औषधवाली_ताई
शेगडीचं अजिबात मनावर घेऊ नका! दार-खिडकी लावून आत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. झोपेतच माणूस जातो. त्यात दम्याच्या पेशंटच्या खोलीत? माणदेशी दादा, कृपा करून असले सल्ले देऊ नका.

माणदेशी
ताई, आमची घरं मातीची, वर कौलं, धूर आपोआप बाहेर जायचा. स्लॅबच्या बंद खोलीत नको ठेवायला, तेवढं मान्य. कूलरचं मात्र मी सांगतो ते खरं आहे.

कृष्णाकाठ
कूलर जूननंतर काय कामाचा? साताऱ्याचा पावसाळा म्हणजे आधीच ओल, त्यात कूलरने आणखी दमटपणा. दम्याला आणि भिंतीवरच्या बुरशीला दोन्हीला वाईट.

वायरमन_मिरज
एसीचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूर्याच्या चिन्हावर जाऊ नका. बऱ्याच कंपन्या एकच रिमोट सगळ्या मॉडेलना देतात. फक्त थंड करणाऱ्या मशीनच्या रिमोटवरही सूर्य असतो, बटण दाबलं की नुसता पंखा फिरतो किंवा काहीच होत नाही. खरं कळतं ते बाहेरच्या युनिटवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर. तिथे कूलिंग कपॅसिटी लिहिलेली असते. मशीन खरंच हॉट अँड कोल्ड असेल तर त्याच्याच खाली हीटिंग कपॅसिटी वेगळी छापलेली असते, वॅटमध्ये किंवा किलोवॅटमध्ये. ती ओळ नसेल तर विषय संपला. दुकानातच खोक्यावरचं आणि पट्टीवरचं वाचा, फोटो काढा.

आत फरक असतो तो फोर-वे व्हॉल्व्हचा. उन्हाळ्यात गॅस खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. थंडीत हा व्हॉल्व्ह गॅसची वाट उलटी फिरवतो, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत येते. बाहेर 10-12 अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. साताऱ्याच्या थंडीला हे मशीन आरामात पुरतं. काश्मीर-हिमाचलात जशी क्षमता घटते तसा प्रश्न आपल्याकडे नाही.

कोरेगावचा_पाहुणा
तो व्हॉल्व्ह नंतर बसवून मिळतो की. आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, साध्या एसीला लावून देतो म्हणतो.

वायरमन_मिरज
नका करू भाऊ. व्हॉल्व्हबरोबर सर्किट बोर्ड, सेन्सर, बाहेरची कॉइल गोठली तर बर्फ वितळवायची सोय, सगळंच वेगळं लागतं. वॉरंटीही जाते.

गोडोलीकर
थँक्यू. पण मेव्हण्यांचं काय, हीटर स्वस्त पडेल ना?

कृष्णाकाठ
विकत घ्यायला स्वस्त, चालवायला महाग. 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. गरम करणारा एसी 1 युनिटमध्ये साधारण 3 युनिटांइतकी उष्णता आत आणतो, कारण तो ती तयार करत नाही, बाहेरून ओढतो. रात्री 8 तास धरा: हीटर 16 युनिट, एसी 5-6. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, 300 नंतर आणखी चढतो. महिनाभर रोज हीटर लावलात तर वरच्या टप्प्यात गेलातच म्हणून समजा.

आणि स्टारचं विचारलंत. स्टार म्हणजे वीज किती वाचते त्याचा आकडा, पण तो फक्त थंड करण्यावरून काढतात, गरम करताना किती वीज लागेल ते त्यावरून कळत नाही. वर्षभर वापरणार असाल तर पट्टीवर हीटिंगचे वॅट आणि त्याला लागणारी वीज, दोन्ही बघून भागाकार करा.

सौरमित्र_सांगली
छतावर सोलर बसवा, सगळाच प्रश्न मिटेल. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. नेट मीटरिंगने दिवसाची वीज रात्री वजा होते. आमच्या विश्रामबागेत बऱ्याच जणांनी केलंय.

गोडोलीकर
सोलरचं विचारलेलं नाही हो. शनिवार जवळ आलाय.

वायरमन_मिरज
गोडोलीकर, अजून खोलीचं माप आलं नाही. आणि वीज बिलावर "मंजूर भार" (एका वेळी किती वीज वापरायला मंजुरी आहे ते) किती लिहिलाय ते बघून सांगा.

गोडोलीकर
12 बाय 14. वर स्लॅब, त्यावर काहीच केलेलं नाही. खिडकी पश्चिमेला. मंजूर भार 1 किलोवॅट. बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत.

वायरमन_मिरज
आता बोलता येईल. उघडा स्लॅब आणि पश्चिमेची खिडकी, म्हणजे दीड टनच. एक टन एप्रिलमध्ये धापा टाकेल.

1 किलोवॅटवर मात्र हे बसवू नका. आधी बिल आईच्या नावावर करा, त्याबरोबरच भारवाढीचा अर्ज द्या. मीटरपासून खोलीपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात अर्थिंगची तार नुसती लोंबत असते.

बसवायला येणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का ते फोनवरच विचारा. काही जण घाईत गॅसच्या फुंकरीने पाइपमधली हवा काढतात. आत ओल राहते आणि पुढे कॉम्प्रेसरला भोवते. पंप लावून पाइप पूर्ण रिकामे केल्याशिवाय गॅस सोडू द्यायचा नाही. दोन्ही तांब्याच्या पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं.

सुगरण_वाई
आमच्याकडे आहे असा एसी, म्हणून वापरातलं सांगते. गरम मोड लावला की सुरुवातीला आतला पंखा फिरतच नाही. बिघडला समजू नका, आतली कॉइल तापेपर्यंत तो थांबतो. झडप खाली वळवा, गरम हवा वर जाते आणि झडप आडवी ठेवली तर छताच्या पंख्याजवळ ऊब आणि पलंगावर गारठा. 22-23 पुरे होतात. थंडीत पाणी आतल्या युनिटऐवजी बाहेरच्या युनिटखाली ठिबकतं, तेव्हा ते जिन्यावर किंवा शेजाऱ्यांच्या दारात येईल असं टांगू नका. आईंना दमा आहे तर जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा आणि झोत अंगावर येऊ देऊ नका. हा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, म्हणून सकाळी थोडा वेळ खिडकी उघडायचीच.

कृष्णाकाठ
बाहेरचं युनिट कुठे लावायचं यावरून आठवलं, सांगलीत 2019 च्या पुरानंतर आम्ही ते खाली ठेवायचं सोडलंय. पहिल्या मजल्याच्या वरच.

औषधवाली_ताई
साताऱ्याला सांगलीसारखा पूर नाही येत हो. डोंगराच्या कुशीत आहे ते.

गोडोलीकर
दुकानात जाऊन पट्टी पाहिली. फक्त कूलिंगची ओळ आहे, हीटिंगची नाही. फोटो दाखवल्यावर दुकानदाराने हॉट अँड कोल्ड मागवून देतो म्हटलं, पंधरा दिवस लागतील. शनिवारचं रद्द केलं. तोवर आईसाठी काय करू? लाल कांडीचा हीटर चालेल का?

औषधवाली_ताई
लाल कांडी नको, उघडी तापते, पदर किंवा पांघरूण लागलं तर धोका. तेल भरलेला रेडिएटर घ्या, आवाज नाही, धूळ उडत नाही. पलंगापासून लांब ठेवा, 16 अँपिअरच्या प्लगवरच लावा, एक्स्टेंशनवर नाही. आणि पहाटेच्या त्रासाबद्दल डॉक्टरांना दाखवा, नुसत्या उबेवर सोडू नका.

वायरमन_मिरज
2000 वॅटचा घेऊ नका, तुमचा मंजूर भार 1 किलोवॅटच आहे. 900-1000 वॅटची सेटिंग असलेला बघा आणि तो चालू असताना गीझर बंद. मधल्या काळात वायरचं काम उरकून घ्या, मशीन आल्यावर भिंत फोडायची घाई नको.

कोरेगावचा_पाहुणा
मॉडेल नंबर इथे टाका की गोडोलीकर, आम्हालाही एक पाहिजे. हॉलसाठी दोन टन लागेल का? हॉल मोठा आहे.

कृष्णाकाठ
मोठा म्हणजे किती बाय किती?