यिर्मयाने वेढ्यात शेत का घेतलं? (यिर्मया ३२)

पहाटवाचन
पुढच्या आठवड्यात अभ्यासगटात यिर्मया ३२ मला घ्यायचाय आणि मी पार अडकलेय. इ.स.पू. ५८७ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलाय. शहर पडणार असं वर्षानुवर्षं ओरडून सांगणारा संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तिथे चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे. आणि हा घेतो! १७ शेकेल (वजनाचं जुनं माप) रुपं, म्हणजे चांदी देऊन!

गटातल्या एका काकांनी आधीच निकाल लावलाय, 'हे क्रुसाचं चित्र, प्रभूने आपल्याला विकत घेतलं.' एका ताईंच्या मते देव जमिनीत पैसे गुंतवायला सांगतोय. मला दोन्ही पटत नाही, पण माझ्याकडे तिसरं काही नाही. आपण ख्रिस्ती म्हणून हा अध्याय वाचायचा कसा?

तिसरा बाक
काकांच्या डोक्यात मत्तय २७:९ असणार. येशूला धरून दिल्याच्या ३० रुप्याच्या नाण्यांनी कुंभाराचं शेत घेतलं, तिथे मत्तय यिर्मयाचं नाव घेतो. शब्द मात्र बरेचसे जखऱ्या ११ मधले आहेत. यिर्मयाकडे कुंभार आहे (अध्याय १८), शेतही आहे, म्हणून मत्तयाने दोघांना एकत्र गुंफलं असावं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. पण तेवढ्यावरून हनमेलच्या शेतात क्रूस रोवू नये.

जुना दस्तलेखक
ताई, माझं आयुष्य खरेदीखतं लिहिण्यात गेलं, त्यामुळे मला हा अध्याय प्रवचनासारखा वाचताच येत नाही. ९ ते १४ ही वचनं हळू वाचा. रुपं तराजूत तोललं जातं, कारण यहूदाच्या राज्यात अजून नाणी पाडत नव्हते. खत लिहिलं, सही केली, मोहर लावली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. प्रती दोन, एक मोहरबंद आणि एक उघडी. कुणी उघड्या प्रतीत खाडाखोड केलीच, तर बंद प्रत फोडून ताडून बघायची. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या नंतरच्या काळातल्या खतांतही हीच युक्ती आहे, मजकूर दोनदा लिहून वरचा भाग गुंडाळून मोहरबंद केलेला. मग दोन्ही प्रती यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या हवाली, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

शेत शत्रूच्या टाचेखाली, आणि हा माणूस कागदात एक कसर ठेवत नाही! हनमेलला त्या दिवसांत दुसरं गिऱ्हाईक मिळणार होतं थोडंच. पण लेवीय २५ प्रमाणे वतन सोडवून घ्यायचा हक्क जवळच्या नातलगाचा, तो यिर्मयाने बजावला. कारण १५ व्या वचनात आहे, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि २५ व्या वचनात जवळजवळ तक्रारच करतो, शहर खास्द्यांच्या (बाबेलवाल्यांच्या) हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी सही, मग शंका. आम्ही सगळे उलटं करतो.

ख्रिस्ती वाचनाचं म्हणाल तर इफिस १:१४ बघा. पवित्र आत्म्याला आपल्या मराठी बायबलात 'विसार' म्हटलंय. सौदा पक्का करायला आधी द्यायची रक्कम, शब्द आमच्या धंद्यातला! यिर्मयाने शेताची किंमत पुरी चुकवली, पण देवाच्या वचनाच्या मानाने ते शेत म्हणजे विसारच. आदल्याच अध्यायात (३१:३१) देव लोकांशी नवा करार करील असं वचन आहे, ते बायबलातल्या इब्री लोकांस पत्राने ८ व्या अध्यायात सबंध उतरवून घेतलंय. ख्रिस्ताकडे जायचं तर त्या वाटेने जा, १७ शेकेलांच्या वाटेने नको.

पहाटवाचन
'आधी सही, मग शंका' मी उचलणार आहे, काका. पण मग मी पुढे ४३ वा अध्यायही वाचला. यिर्मयाला तर मिसर देशात (इजिप्तला) घेऊन गेले. म्हणजे ते शेत त्याला कधी कसायला मिळालंच नाही?

जुना दस्तलेखक
मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. बारूखलाही त्याच्याबरोबरच नेलं, ४३:६. आणि मडक्याचं पुढे नावसुद्धा येत नाही.

पहाटवाचन
मग गटात मडक्यापासूनच सुरुवात करते.