मदत हवी आहे: लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची यादी कुठे बघायची?

आर्याची_आई: मंडळी, अर्जंट आहे. एका माणसाचं नाव चेक करायचंय. सरकारने असं रजिस्टर केलंय असं वाचलं होतं, दोन तास शोधतेय पण लिंकच मिळत नाहीये. कोणाकडे असेल तर प्लीज द्या.

न्यूजर्सीकर: नॅशनल साइट आहे की, झिपकोड टाका, फोटोसकट येतं. आमच्याच राज्यात १९९४ मध्ये सात वर्षांच्या मेगनला समोर राहणाऱ्या, आधी शिक्षा भोगून आलेल्या माणसाने मारलं, त्यानंतर अशा लोकांची माहिती सगळ्यांना द्यायचा कायदा झाला. घर घेताना आम्ही आधी तेच बघितलं.

आर्याची_आई: अहो मी पुण्यात आहे!

खटपट्या: मग लिंक मिळणारच नाही. आपला डेटाबेस सप्टेंबर २०१८ ला सुरू झाला, एनसीआरबीकडे, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे आहे, पण तो फक्त पोलिसांना दिसतो. माणूस कोण, शेजारी की व्हॅनवाला? आणि संशय कशावरून?

आर्याची_आई: सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तायक्वांदो शिकवणारे नवे सर. ग्रुपवर कोणीतरी टाकलं की आधीच्या गावी काहीतरी केस होती.

सडेतोड: यादी सगळ्यांना खुली करा, चौकाचौकात फोटो लावा, सरळ होतील.

निशा_लीड्स: फोटो लावले की तो गाव बदलतो आणि पोलिसांनाही सापडत नाही. इकडे इंग्लंडमध्ये यादी लोकांना बंदच असते, पण सुटल्यावर तीन दिवसांत पोलिसांकडे जाऊन पत्ता द्यावा लागतो, मग दरवर्षी, घर बदललं की परत. अडीच वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर बेमुदत. शिवाय पालक एखाद्या ठरावीक माणसाबद्दल पोलिसांना विचारू शकतात. आपल्याकडे नुसती नोंद आहे, ही हजेरी नाही.

सडेतोड: म्हणजे गुन्हेगारांची बाजू घेताय.

निशा_लीड्स: दोन मुली आहेत मला. कोणाची बाजू घेईन?



खटपट्या: ताई, ग्रुपवर त्यांचं नाव फिरवू नका, ऐकीव आहे. पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचे, २०२० चे नियम आहेत, शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, सगळ्यांनी स्टाफची पोलीस पडताळणी करायचीच, तीही ठरावीक काळाने, कॉन्ट्रॅक्टवरचा असला तरी. क्लास चालवतो त्याच्याकडे लेखी मागा, आधीच्या गावचा पत्ता त्यात धरलाय का तेवढं बघा.

आर्याची_आई: कमिटीला विचारलं, कागद कोणी बघितलेलेच नाहीत. वर काचेला आतून फ्लेक्स लावलाय, पालक दिसले की मुलांचं लक्ष जातं म्हणून.

निशा_लीड्स: अगं हे आधी सांगायचं ना! पडताळणीचा दाखला यायला वेळ लागेल, फ्लेक्स आजच काढ. सर कोणीही असोत. आर्याशी बोललीस?

आर्याची_आई: नाही अजून. आठ वर्षांची आहे, कसं विचारू तेच कळत नाहीये.

खटपट्या: सरांचं नावच काढू नका, आज काय काय शिकलीस इथून सुरू करा. काही खटकलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो.

आर्याची_आई: फ्लेक्स काढून आले आत्ता. शनिवारी क्लास आहे, मी आत बसणार आहे.