ट्रेलच्या श्रमदानाला घोडा न्यायचा की हात हलवत जायचं?

रानवेडी: अमेरिकेत बॅक कंट्री हॉर्समेनच्या (डोंगरातल्या वाटा राखणाऱ्या घोडेस्वारांची संघटना) इथल्या शाखेत नाव नोंदवलंय. पहिली वर्क पार्टी, म्हणजे वाट दुरुस्तीचं श्रमदान, वाइल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या रानात) आहे, दोन रात्रींचा मुक्काम. घोडा रिंगणात शहाण्यासारखा वागतो, पण डोंगरात कधी नेलेला नाही. त्याला न्यावं का? आणि चेनसॉ चालवायला शिकून घ्यावं लागेल का?

तंग-तोबरा: पहिल्या खेपेला घोडा घरी ठेवा. लोक हातात लॉपर (फांद्या छाटायची लांब दांड्यांची कात्री) घेऊन चालत येतात, त्यांचंही काम तितकंच मोजलं जातं. श्रमदानाला आलेला घोडा दिवसातला बराच वेळ नुसता उभा असतो. त्यामुळे चाल कशी आहे यापेक्षा तो बांधल्या जागी दोन-तीन तास टाप न आपटता उभा राहतो का, ते बघा. दोन्ही बाजूंनी चढू-उतरू देतो का? अरुंद वाटेवर उताराकडच्या बाजूने चढणं धोक्याचं, वरच्या बाजूनेच चढावं लागतं, आणि ती कधी उजवी असते कधी डावी. पाठीमागे फांदी फरफटली, कुऱ्हाडीचा खणखणाट झाला तर बिचकतो का? ओढा ओलांडतो का? हे सगळं घराजवळ जमलं की मगच डोंगर.

कागदपत्रांचं म्हणाल तर कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्ततपासणी) निगेटिव्ह हवी. राज्याची हद्द ओलांडणार असाल तर व्हेटचा आरोग्य दाखलाही. चारा सर्टिफाइड वीड-फ्री, म्हणजे तणाचं बी नसल्याचा दाखला असलेला लागतो, आणि तो दोन-तीन दिवस आधीपासूनच सुरू करा. नाहीतर आधी खाल्लेल्या तणाचं बी लिदीतून थेट जंगलात पडतं.

आडवा ओंडका: चेनसॉचा प्रश्नच येत नाही. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यानुसार तिथे इंजिनाची अवजारं बंद, चाकाची वाहनंही बंद, हातगाडीसुद्धा नाही. म्हणून तर सामान वाहायला खेचरं लागतात. काम चालतं दोघांच्या क्रॉसकट करवतीवर, आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर तीही हातात धरायची तर त्यांचं सॉ प्रशिक्षण लागतं, सोबत फर्स्ट एड आणि सीपीआर. सुरुवात ए पातळीपासून, म्हणजे अनुभवी माणसाच्या नजरेखाली.

करवत फक्त ओढायची, ढकलायची नाही. ढकललीत की पातं वाकतं आणि समोरच्याचा दम निघतो. नवे लोक अडकतात ते ताण न ओळखल्यामुळे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरचा भाग दाबाखाली आणि खालचा ताणाखाली असतो. वरून कापत गेलात की फट मिटते आणि करवत चिमटीत सापडते. म्हणून पात्याची पाठ लाकडात पुरेशी आत गेली की लगेच वरून प्लॅस्टिकची पाचर ठोका, आणि शेवटचा काप खालून घ्या. एक टोक अधांतरी असेल तर सगळं उलट: आधी खालून उथळ काप, मग वरून. तो न घेता वरूनच कापलं तर लाकूड उभं चिरतं. उभं राहायचं ते चढाच्या बाजूला, घोडे बरेच लांब.

आणखी एक. पायी जाणाऱ्यापुरती चार फुटांची फट काढून समाधान मानू नका. लादलेल्या खेचराचे खोके दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. साधारण 8 फूट रुंद, 10 फूट उंच मोकळं करा. फांदी खोडाजवळच्या फुगवट्यापाशी कापा. खुंट्या ठेवल्यात तर त्या स्वाराच्या गुडघ्यात नाहीतर ताडपत्रीत घुसतात.

पाणाड्या: +1. पण ओंडके दिसतात म्हणून सगळे तिकडेच धावतात. वाटेचं वाटोळं पाणी करतं. टापांनी मधला भाग खचतो, कडेला मातीचा बांध तयार होतो आणि पावसाचं पाणी वाटेवरूनच ओढ्यासारखं धावतं. तो बांध मॅक्लाउडने (एका बाजूला दाते, दुसऱ्या बाजूला फावड्यासारखं पातं असलेलं अवजार) फोडून वाट उताराकडे जेमतेम 5 टक्के कलती करा. वॉटरबार (पाणी वाटेबाहेर वळवायला वाटेत आडवं रोवलेलं लाकूड किंवा दगड) गाळाने भरलेला असेल तर गाळ उपसा आणि पाण्याला बाहेर पडायची तोंडं पुलास्कीने (एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ असलेलं अवजार) नीट मोकळी करा, वाटेबाहेर दोन-तीन फूट तरी. वॉटरबार वाटेला काटकोनात घातलेला असेल तर पाणी तिथेच तुंबतं, गाळ धरतं आणि शेवटी कडेने वळसा घालून नवीन घळ पाडतं. तो तिरका हवा. कंटाळवाणं काम आहे आणि फोटोही बरे येत नाहीत, पण क्लबला खरी माणसं इथेच कमी पडतात.

रानवेडी: खूप उपयोगी. पुढे कधी घोडा नेलाच, तर रात्री झाडाला बांधायचा का?

तंग-तोबरा: झाडाला थेट नाही. घोडा बुंध्याशी टापा मारतो, मुळं उघडी पडतात, साल घासून निघते. उंच दावण बांधा: दोन जाड, जिवंत झाडांना रुंद पट्टे, त्यांत सात फूट उंचीवर ताणलेला दोर. दोर सैल पडला की मोरकीची दोरी लांबते आणि त्यात पाय अडकतो, म्हणून झोपण्याआधी पुन्हा ताणा. मोरकीची दोरी एवढीच ठेवा की तोंड जमिनीपर्यंत जेमतेम पोचेल. जागा पाण्यापासून 200 फुटांवर, टणक आणि कोरडी. सकाळी निघताना लीद पसरून टाका आणि टापांचे खड्डे बुजवा.

आडवा ओंडका: करवत खेचरावर चढवताना दातांवर चिरलेला जुना फायर होज घाला, मुठी काढून घ्या. पुलास्की, कुऱ्हाड म्यानात, धार जनावरापासून बाहेरच्या बाजूला. दोन्ही खोके तराजूवर टांगून वजन सारखं करा. दोन-तीन पौंडांचा फरक राहिला तरी खोगीर एका बाजूला सरकत जातं आणि मुक्कामापर्यंत पाठ सोलते.